माळावरचा प्रकाश

अजून तांबडे फुटायचे आहे, तोच दोन कामगार पाण्याचा पाईप ओढत सौर प्रकल्पातील पॅनेलच्या रांगांमधून निघाले आहेत. सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेतला. येथे आभाळ बराच काळ निरभ्र असते, पण धूळही तेवढीच उडते. काचेवरून बोट फिरवले की मातकट रेघ उमटते, आणि तो थर जेवढा प्रकाश अडवतो तेवढी वीज बुडते. तापलेल्या काचेवर गार पाणी पडल्यास तिला तडा जाण्याची भीती असते, म्हणून ही धुलाई पहाटेच उरकली जाते.

एक मेगावॉटचा असा प्रकल्प चार-पाच एकर मुरमाड जमिनीत बसतो. पॅनेलमधील प्रत्येक सिलिकॉन सेलच्या एका थरात किंचित फॉस्फरस आणि दुसऱ्यात किंचित बोरॉन मिसळलेले असते, त्यामुळे दोन थरांच्या सीमेवर विद्युतक्षेत्र तयार होते. प्रकाशाने इलेक्ट्रॉन मोकळा केला की हे क्षेत्र त्याला एकाच बाजूला लोटते, आणि तारेतून सुरू झालेला त्यांचा प्रवाह म्हणजेच वीज. एका सेलचा दाब जेमतेम अर्धा व्होल्ट, म्हणून अनेक सेल एकामागोमाग जोडावे लागतात.

मे महिन्यात सोलापूरचे ऊन अंग भाजून काढते, तेव्हा वीजही सर्वाधिक मिळत असेल, असे पाहुण्यांना हमखास वाटते. परंतु सेलला हवा असतो तो प्रकाश. पॅनेलची क्षमता २५ अंश तापमानाला मोजलेली असते; दुपारी सेल ६५ अंशांपर्यंत तापले, तर त्यांची शक्ती सुमारे १२ ते १५ टक्क्यांनी घटते.

पॅनेलमधून निघणारी एकदिश (डीसी) वीज इन्व्हर्टर प्रत्यावर्ती (एसी) करतो, रोहित्र तिचा दाब वाढवते आणि ती जवळच्या उपकेंद्रात जाते. वाहिनीवरची लाईट गेली की इन्व्हर्टरही क्षणात थांबतो, कारण खांबावर चढलेल्या वायरमनचा जीव त्यावर अवलंबून असतो.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली सुरू झाली, ती शेतीपंपांना दिवसा वीज मिळावी म्हणून. रात्री विंचूकाट्याची भीती बाळगत, बॅटरीच्या उजेडात दारे धरलेल्या माणसालाच या एका शब्दाचे, ‘दिवसा’चे, मोल कळते. सकाळचे दहा वाजले आहेत; माळाखालच्या कांद्यात पाणी शिरले आहे, आणि शेतकरी खोऱ्याने वाफ्याचे तोंड फोडतो आहे.