पिशवीमागचा हिशोब : फेअर ट्रेडमध्ये कारागिराच्या हाती काय पडतं आणि कधी पडतं

नमस्कार मंडळी. फेअर ट्रेड म्हटलं की ‘कारागिराला रास्त भाव’ एवढं एकच वाक्य आपल्या कानावर पडतं. भाव हवाच. पण तो भाव काढला कसा आणि पैसे हातात पडले कधी, यावर कारागिराचं घर चालतं. आज मुख्यतः त्याबद्दलच बोलायचं आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. एडना रूथ बायलर या अमेरिकन बाईंनी 1946 मध्ये पोर्तो रिकोतल्या स्त्रियांचं भरतकाम नेऊन ते आपल्या ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. पुढे त्यातून ‘टेन थाउजंड व्हिलेजेस’ ही संस्था उभी राहिली. नेदरलँड्समध्ये 1969 मध्ये अशा वस्तूंचं पहिलं ‘वर्ल्ड शॉप’ निघालं. बांगलादेशात युद्धानंतर, 1973 मध्ये, ‘कोर : द ज्यूट वर्क्स’ने ग्रामीण बायकांच्या तागाच्या शिंक्यांना परदेशी गिऱ्हाईक मिळवून दिलं. आपल्याकडे मुंबईत अंधेरीला ‘क्रिएटिव्ह हँडिक्राफ्ट्स’ 1984 पासून वस्तीतल्या महिलांच्या शिवणकामावर उभी आहे. म्हणजे कॉफीच्या पाकिटावर 1988 मध्ये फेअर ट्रेडचा शिक्का आला, त्याच्या कितीतरी आधीपासून हस्तकलेत हे काम चालू आहे.

तरीही कॉफीसारखा शिक्का हस्तकलेच्या वस्तूवर सहसा दिसत नाही. कॉफीचा किलोमागे किमान भाव ठरवता येतो. टोपली, चप्पल, भरतकामाची उशी यांचा किलोमागे भाव कसा ठरवणार? म्हणून ‘वर्ल्ड फेअर ट्रेड ऑर्गनायझेशन’ एकेक वस्तू न तपासता संपूर्ण संस्थेचा व्यवहार दहा तत्त्वांवर तपासते. मग वस्तूचा भाव ठरवायचं काम कारागिरांचा गट आणि खरेदीदार यांच्यावरच येतं, आणि चुका होतात त्या इथेच.

एक साधी मांजरपाटाची पिशवी घेऊ. तयार माप 38 बाय 42 सेंटिमीटर. अंगाचा तुकडा तळाशी दुमडायचा, म्हणून शिलाई आणि तोंडाची दुमड धरून तो 41 बाय 92 होतो. बंदाच्या पट्ट्या दोन, प्रत्येकी 10 बाय 68. कापडाचा पन्हा 58 इंच, काठ सोडून वापरायला मिळतात 144 सेंटिमीटर. त्यात तीन अंगं शेजारी-शेजारी बसतात आणि उरलेल्या 21 सेंटिमीटरच्या पट्टीत दोन बंद निघतात. राहिलेल्या चार बंदांसाठी आणखी 20 सेंटिमीटर लांबी लागते. म्हणजे तीन पिशव्यांना 112 सेंटिमीटर, शंभर पिशव्यांना 37.3 मीटर. कागदावरचा हिशोब इथे थांबतो. पण मांजरपाटात कांजी असते, ते कापायच्या आधी धुऊन घ्यावं लागतं आणि साधारण 5 टक्के आटतं. वर विणीतले दोष, डाग यांचे 2 टक्के धरा. प्रत्यक्षात 40 मीटर लागतात. कापड 120 रुपये मीटर असेल, तर शंभर पिशव्यांमागे सव्वातीनशे रुपयांचा फरक पडतो. हा फरक भावात धरला नाही, तर तो शेवटी मजुरीतून जातो.

मजुरीतली चूक याहून मोठी असते. सगळ्यात चलाख बाईला घड्याळ लावून बसवतात, तिला एका पिशवीला 18 मिनिटं लागतात. आठ तासांत 26 पिशव्या, असा भागाकार होतो. दिवसाला 600 रुपये मिळावेत असं ठरलं असेल, तर नगामागे 23 रुपये निघतात. आता खरा दिवस पाहा. बॉबिन भरायची, दोरा बदलायचा, सुई मोडते, मशीनला तेल द्यायचं, चहा-जेवण आहे, वीज जाते. मधल्या वेगाची बाई दिवसाला 20 पिशव्या करते. 23 रुपयांनी तिच्या हातात 460 पडतात. योग्य दर 30 रुपये. म्हणून मोजणी नेहमी तिघींची करावी: एक चलाख, एक मधली, एक नवखी. तीही एका नगाची नाही, पूर्ण दिवसाची. ही पद्धत मला फेअर ट्रेडच्या सगळ्या घोषणांपेक्षा मोलाची वाटते, कारण तिच्याशिवाय ‘रास्त’ या शब्दाला काही आधारच राहत नाही.

आता पिशवीचा हिशोब पुरा करू. कापड 48, शिलाई 30, कटिंग 4, दोरा आणि लेबल 5, धागे कापणं, इस्त्री, तपासणी, पॅकिंग 8. झाले 95. जागेचं भाडं, हिशोबनीस, मशीनची झीज यासाठी 20 टक्के, म्हणजे 19. वर नापास नगांसाठी 3 टक्के. एकूण साधारण 117 रुपये. परदेशातल्या दुकानात हीच पिशवी चौपट-पाचपट भावाने दिसली तर लगेच लूट म्हणू नका. मधे वाहतूक, जकात, गोदाम, दुकानाचं भाडं आणि पगार असतात. विचारायचं ते एवढंच, की गटाचा 117 चा ताळेबंद खरेदीदाराने पाहिला आहे का, आणि त्यातले 30 रुपये शिवणाऱ्या बाईपर्यंत पोचतात का.

दुसरी गोष्ट आगाऊ रकमेची. हस्तकलेच्या ऑर्डरवर गटाने मागितल्यास किमान 50 टक्के रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यायची, असा फेअर ट्रेडमधला नियम आहे. वरच्या उदाहरणात 1000 पिशव्यांची ऑर्डर 1 लाख 17 हजारांची. अर्धे म्हणजे 58,500. एकट्या कापडाला 48,000 लागतात, म्हणजे सावकाराच्या दारात न जाता काम सुरू होतं आणि पहिल्या आठवड्याची मजुरीही सुटते. कापड उधारीवर उचललं की दुकानदार मीटरमागे भाव चढवतो. उरलेले पैसे माल पाठवल्यावर कित्येक महिन्यांनी आले, तर मधल्या काळात जूनमधलं शाळेचं साहित्य, दवाखाना, भाडं सगळं कर्जावर निघतं. वर्षाची कमाई तेवढीच असली, तरी व्याजात मुरते. म्हणून ऑर्डर घेताना भावाआधी आगाऊ रकमेची तारीख लिहून घ्यावी. मजुरीही शिवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या खात्यात जावी.

वेळेचा आणखी एक पेच घानामध्ये दिसतो. उत्तरेकडच्या बोल्गाटांगा भागातल्या गवताच्या टोपल्या जगभर जातात. काड्या चिरायच्या, पिळायच्या, उकळत्या पाण्यात रंगवायच्या, विणायच्या, कातडी मूठ लावायची. एका मध्यम टोपलीत काही दिवस जातात. तिथे पाऊस एकाच हंगामात पडतो, साधारण मे ते ऑक्टोबर. नाताळचा माल युरोपात वेळेवर पोचायचा, तर विणकाम नेमकं त्याच महिन्यांत येतं आणि तेव्हा बाया शेतात असतात. शिवाय दमट हवेत टोपली नीट सुकली नाही, तर कंटेनरमध्ये बुरशी धरते आणि अख्खी खेप वाया जाते. जाणता खरेदीदार ऑर्डर जानेवारीतच देतो, म्हणजे कोरड्या महिन्यांत विणून, सुकवून माल बांधता येतो.

माल नाकारला जाण्याची दुसरी कारणं रासायनिक असतात. युरोपीय संघात कापडावर काही अ‍ॅझो रंगांना (कृत्रिम रंगांचा एक प्रकार) बंदी आहे, आणि कातड्यात षट्‌संयुजी क्रोमियम (क्रोमने कमावलेल्या कातड्यात तयार होऊ शकणारा क्रोमियमचा घातक प्रकार) किलोला 3 मिलिग्रॅमपेक्षा कमी लागतं. आपली अस्सल कोल्हापुरी चप्पल बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेल्या कातड्याची, त्यामुळे तिला क्रोमचा प्रश्न यायला नको. तरी प्रयोगशाळेचा अहवाल मागितला जातोच. त्याची फी कोण भरणार, हे ऑर्डरच्या कागदावरच ठरवा. मंजूर नमुने दोन ठेवा, सही करून सीलबंद, एक खरेदीदाराकडे, एक गटाकडे. वाद झाला तर माल त्या नमुन्याशी लावून पाहायचा. नमुन्याबरहुकूम असेल आणि तरीही ऑर्डर रद्द झाली, तर झालेल्या कामाचे पैसे मिळतील, हे कलम सहीआधी वाचून घ्या. हे कलमच नसेल, तर कापड कापायला घेऊ नका.