चावीच्या खाचेपाशी

(दृश्य: सोलापूर, अक्कलकोट रोड एमआयडीसी. यंत्रमागांचा खडखडाट. टेबलावर मोडलेला शाफ्ट.)

शाफ्ट, म्हणजे चाक फिरवणारा दांडा, कुठे मोडलाय बघा. चाक पक्कं बसावं म्हणून चावीची (लोखंडी पाचरीची) खाच पाडतात, तिच्या आतल्या कोपऱ्यातून चीर निघाली आणि पीळ घेत आरपार गेली. टर्नरला विचारलं तर तो म्हणेल, "कोपरा धारदार ठेवला, दुसरं काय!" खरंय त्याचं. गणिताला मात्र इथवर यायला वेळ लागला.

अडचण अशी की लोखंडाच्या आत डोकावता येत नाही. माहीत असतं ते कडेचं: टोकांना पीळ दिलाय आणि बाजूच्या पृष्ठभागावर बाहेरून काहीच जोर नाही. एवढ्यावरून आतल्या प्रत्येक बिंदूवरचं प्रतिबल, म्हणजे तिथे दर क्षेत्रफळावर येणारा जोर, काढायचं. स्थितिस्थापकतेतला (ताणून सोडलं की मूळ आकार घेण्याच्या गुणाच्या अभ्यासातला) सीमामूल्य प्रश्न तो हाच.

गोल दांडा सोपा. त्याचे छेद (आडवे काप) पिळताना सपाटच राहतात. तोच नियम चौकोनी दांड्याला लावला, तर कोपरा मध्यापासून सर्वांत लांब, म्हणून सर्वाधिक प्रतिबल तिथेच, असं उत्तर येतं. ते साफ चूक. 1853 मध्ये गणिती अभियंता सेंट व्हेनंटने (आपल्याकडे इंजिनिअरिंगची पोरं असंच म्हणतात, फ्रेंच माणसाने कान झाकावेत) पॅरिसच्या अकादमीपुढे वेगळी वाट मांडली. निम्मं उत्तर अंदाजाने धरायचं: छेद फिरतो आणि जरासा वाकडाही होतो. किती वाकडा, ते समीकरणाकडून काढून घ्यायचं. निकाल आला तो असा: चौकोनी दांड्याच्या कोपऱ्यात प्रतिबल शून्य, आणि सर्वाधिक बाजूंच्या मध्यावर.

(दृश्य: पत्र्यातल्या चौकोनी भोकावर साबणाचा पडदा. तो हळूहळू फुगतो.)

1903 मध्ये जर्मन शास्त्रज्ञ प्रांटलच्या लक्षात आलं की पिळलेल्या दांड्याचं समीकरण आणि फुगलेल्या पातळ पडद्याचं समीकरण एकच आहे. छेदाच्या आकाराचं भोक पाडा, त्यावर पडदा ताणा, खालून किंचित हवा द्या. पडद्याचा चढ जिथे उभा, तिथे प्रतिबल जास्त. फुगवट्याखाली किती जागा मावली, त्यावरून दांडा किती पीळ पेलतो ते कळतं. 1917 मध्ये ब्रिटिश संशोधक ग्रिफिथ आणि टेलर यांनी विमानाच्या भागांसाठी खरोखरच साबणाचे पडदे मोजले.

सोलापुरात हे दाखवायचं, तर चौकटीवर चादर ताणायचा मोह होतो. चालत नाही. ताण्याची ओढ वेगळी, बाण्याची वेगळी, आणि हवा विणीतून निसटते. साबणाचा पडदा सगळीकडे सारखा ओढतो.

आता भोकाला चावीची खाच द्या. चौकोनाच्या कोपऱ्यात पडदा दोन्ही कडांना चिकटून सपाट बसला होता. इथे कोपरा उलटा, आत घुसलेला. पडदा त्याच्या टोकावरून एकदम कड्यासारखा चढतो.

त्याआधी 1909 मध्ये गणिती कोलोसोव्ह आणि नंतर मुस्खेलिश्विली यांनी सपाट पत्र्यांचे असेच प्रश्न संमिश्र संख्यांच्या (ज्यांत उणे एकचं वर्गमूळ येतं अशा संख्यांच्या) फलांनी सोडवले. आज लॅपटॉपवर सांत घटक पद्धत चालते: छेदाचे बारीक त्रिकोण करा, प्रत्येकाचा हिशेब जोडा. पण धारदार कोपऱ्यापाशी गंमत होते. जाळी जितकी बारीक कराल, तितका प्रतिबलाचा आकडा वाढत जातो आणि कुठे थांबतच नाही.

(दृश्य: नवा शाफ्ट. टर्नर खाचेच्या तळाचा कोपरा गोल करतो, अंगठा फिरवून बघतो.)

कोपऱ्याला थोडी गोलाई दिली, की आकडा थांबतो.

(यंत्रमाग पुन्हा सुरू.)