‘तू फक्त अभ्यास कर’

(दृश्य : पुणे, शास्त्री रस्ता. सकाळचे सात. अभ्यासिकेच्या दाराशी चपलांचा ढीग.)

सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रस्ता. या पट्ट्यातून पाट्या वाचत चाललं, तर दर चार पावलांवर अभ्यासिका, मेस, नाहीतर झेरॉक्सचं दुकान लागतं. इथं अख्खी खोली परवडत नाही म्हणून कॉट भाड्यानं घेतात. परभणी, हिंगोली, बीड, बुलढाणा, सोलापूर... पदवीचं शेवटचं वर्ष संपता संपता मुलं-मुली स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासासाठी इथं येऊन पोचतात. काही तर टीवायची, म्हणजे तिसऱ्या वर्षाची, हजेरी गावच्या कॉलेजात लावतात आणि राहतात इथं.

आजची गोष्ट त्यांना इथं पाठवणाऱ्या घरांची आहे.

मूल निघताना बहुतेक घरांत एक वाक्य हमखास बोललं जातं. ‘तू फक्त अभ्यास कर, पैशाचं आम्ही बघतो.’ बोलणाऱ्याच्या मनात त्यावेळी मायेखेरीज काही नसतं. पण पैसा येतोय कुठून आणि पुरणार आहे कुठवर, हे मुलाला या वाक्यातून कळत नाही. ते कळतं दोन-तीन वर्षांनी, एखाद्या लग्नात, चुलतभावाच्या तोंडून. ‘काकांनी सोसायटीचं कर्ज उचललंय, तुला बोलले नाहीत का?’ त्या दिवसापासून परत फिरण्याचा रस्ता बंद होतो. घरच्यांनी एवढं घातलंय, आता सरकारी पोस्ट काढल्याशिवाय तोंड कसं दाखवायचं? दिवाळीला मुलगा घरी येत नाही. अभ्यासाचं कारण सांगतो. घरालाही ते खरं वाटतं.

(दृश्य : अप्पा बळवंत चौक. पुस्तकांची दुकानं.)

थोडे आकडे ऐकू. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ अर्ज आले. त्यातले ५,८३,२१३ जण पूर्वपरीक्षेला बसले. शेवटी शिफारस झाली १,००९ जणांची. आपल्या राज्यातलं म्हणाल, तर २०२३च्या तलाठी भरतीची जाहिरात ४,६४४ पदांची होती आणि अर्ज दहा लाखांवर गेले.

मुलांना हे आकडे तोंडपाठ असतात. घरी मात्र ते कुणी सांगत नाही. घरी पोचते ती फक्त निवड झालेल्यांची मिरवणूक, गुलाल आणि चौकातला फ्लेक्स.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. मार्च २०२१मध्ये महाराष्ट्र लोकसेवा आयोगाच्या राज्यसेवेची पूर्वपरीक्षा ऐनवेळी पुढे ढकलली गेली आणि शास्त्री रस्त्यावर मुलं उतरली. २०२२मध्ये ठरलं की राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार, म्हणजे पर्याय निवडण्याऐवजी उत्तरं लिहावी लागणार. पुन्हा आंदोलन झालं आणि तो बदल २०२५वर गेला. ऑगस्ट २०२४मध्ये बँकेच्या परीक्षेशी तारीख भिडली म्हणून २५ तारखेची पूर्वपरीक्षा पुढे गेली. म्हणजे मुलानं वर्षभर मान मोडून अभ्यास केला, तरी त्या वर्षात पेपर होईलच असं नाही.

मग घरानं मुदत कशी घालायची? ‘दोन वर्षं बघू’ असं मोघम बोलणं बिनकामाचं, कारण दोन वर्षं संपली की जाहिरात नुकतीच निघालेली असते आणि मुदत आपोआप वाढते. आम्हाला विचाराल, तर दोन हिशेब वेगळे ठेवावेत. पैशाचा हिशेब महिन्यांत. काटकसरीनं राहिलं तरी कॉट, मेस, अभ्यासिका मिळून महिन्याला दहा-बारा हजार सहज लागतात, क्लासची फी वेगळी. घर हे किती महिने देऊ शकतं, ते कागदावर लिहून मुलासमोर ठेवावं. शेतीचं उत्पन्न, बहिणीच्या लग्नासाठी ठेवलेले पैसे, आजीचं औषधपाणी, सगळं त्याच कागदावर. आणि मुलाची प्रगती मोजावी ती पेपरांवर. पूर्वपरीक्षेत कटऑफपासून, म्हणजे पुढं जायला लागणाऱ्या किमान गुणांपासून, किती गुणांनी राहिला? पुढच्या वेळी ते अंतर कमी झालं का? हा प्रश्न विचारायला पालकानं ‘इंडियन पॉलिटी’सारखं अभ्यासाचं पुस्तक वाचलेलं असण्याची गरज नाही. अंतर दर वेळी तेवढंच राहत असेल, तर बोलायची वेळ झाली. मुख्य परीक्षेपर्यंत पोचून थोडक्यात हुकलेल्या मुलाला आणखी एक संधी द्यावी की नाही, हा पूर्ण वेगळा विचार आहे.

आयोगाच्या वयोमर्यादेवर विसंबू नका. राज्यसेवेला खुल्या गटात ३८ वर्षांपर्यंत बसता येतं, मागास प्रवर्गांना ४३पर्यंत. ‘वय आहे अजून’ हे वाक्य पस्तिशीतही खरंच असतं!

(दृश्य : एका तालुक्याचं तहसील कार्यालय. खिडकीपुढं रांग.)

आता थोडं गावाकडं. मुलाला विचारा, नायब तहसीलदार व्हायचंय म्हणतोस, तो दिवसभर करतो काय? बऱ्याच जणांना सांगता येत नाही. पालकांना मात्र येतं. सातबाऱ्यावरच्या फेरफारासाठी त्यांनी या कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या असतात. गारपिटीनंतरचा पंचनामा, निराधार योजनेचे अर्ज, शेतरस्त्याची भांडणं, निवडणुकीची ड्युटी. खिडकीच्या अलीकडून का होईना, हे काम त्यांनी बघितलेलं असतं. आपण अडाणी, आपल्याला यातलं काय कळतंय, असं म्हणून अनेक वडील गप्प बसतात. खरं तर क्लासच्या नोट्समध्ये नसलेली माहिती त्यांच्याकडंच असते. एसवायच्या, म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या, सुट्टीत मुलाला सोबत घेऊन तहसीलला, कृषी कार्यालयाला, पोलीस ठाण्याला एक-एक दिवस जावं. ओळखीच्या कर्मचाऱ्याशी चहावर बोलू द्यावं. बदल्या कशा होतात, सुट्टी मिळते का, वरून दबाव येतो का, हे त्यानं स्वतः विचारावं. एखादा मुलगा हे बघून जास्त जोमानं अभ्यासाला लागेल, एखादा म्हणेल, हे आपलं काम नव्हे. टीवाय संपायच्या आत हे कळलेलं बरं.

मुलींच्या बाबतीत घराचं घड्याळ वेगळं चालतं. भावाला पाच-सहा वर्षं मिळतात, तिला दोन. स्थळं बघणं सुरूच असतं, मुख्य परीक्षेच्या महिन्यातसुद्धा पाहुणे येतात आणि तिनं त्यासाठी रात्रीची बस पकडून यायचं असतं. वर ‘सासरी गेल्यावर कर अभ्यास’ हा सल्ला. तो देणाऱ्यांनी एकदा तरी सासरी बसून अभ्यास करून बघावा. मुलीला जी मुदत द्यायची ती द्या, पण त्या मुदतीत तरी पाहुणे बोलवू नका.

(दृश्य : कॉलेजचं ग्रंथालय. दुपार.)

आणि पदवी? ती या सगळ्यात बिचारी मागं पडते. बीएस्सी करणारा मुलगा प्रॅक्टिकल बुडवून चालू घडामोडी पाठ करतो, कारण ‘फक्त पदवी लागते, टक्के नाही’. परीक्षेपुरतं ते खरंही आहे. पण बाहेर पडायची वेळ आली तर हातात तीच पदवी असणार. पालकांनी आग्रह धरावा असं काही असेल, तर ते हेच. कॉलेजची वर्षं कॉलेजचीच राहू द्यावीत. बीएस्सीवाल्यानं एखाद्या प्रयोगशाळेत, बीकॉमवाल्यानं एखाद्या सीएच्या ऑफिसात सुट्टीत काम करावं. पदवीनंतर केंद्राच्या योजनेतून अप्रेंटिसशिप करता येते. राज्याच्या २०२४मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत पदवीधराला महिना दहा हजार विद्यावेतन ठेवलं होतं. कायम नोकरीची हमी त्यात नव्हती, हे मुलाला आधीच सांगावं. पण कुठं काम केल्याचा अनुभव पदरी असला, की अभ्यासिकेतून बाहेर पडणाऱ्याला सुरुवात शून्यातून करावी लागत नाही.

जमीन विकण्याआधी आणखी एक चौकशी. अनुसूचित जातींसाठी बार्टी, मराठा-कुणबी विद्यार्थ्यांसाठी सारथी, ओबीसी आणि भटक्या-विमुक्तांसाठी महाज्योती या संस्था स्पर्धा परीक्षांचं मोफत प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. मुंबईत राज्य शासनाची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था १९७६पासून आहे. सगळीकडं निवड चाचणी असते, जागा मोजक्या असतात, म्हणून जाहिरातीवर नजर ठेवावी लागते.

यात मुलाचं काम चाचणीचा अभ्यास करण्याचं. घरचं काम कागदपत्रांचं. उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला, जात प्रमाणपत्र, नॉन-क्रिमीलेअर. यातल्या उत्पन्नाच्या दाखल्याची आणि नॉन-क्रिमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, आणि निकालानंतर जूनमध्ये सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. एप्रिल-मेमध्ये, ऊन असलं तरी, एक चक्कर मारून नवे दाखले काढून ठेवावेत आणि त्यांचे फोटो मुलाच्या मोबाइलवर पाठवून द्यावेत.