वार नक्की कुणाची?

नमस्कार श्रोतेहो. ठाण्यात नौपाड्यात माझी पॅथॉलॉजीची लॅब आहे. घोडबंदर रोडच्या ट्रॅफिकमधून वाट काढत अधूनमधून एक पांढरा प्लॅस्टिकचा डबा माझ्याकडे येतो. आत फॉर्मॅलिन आणि त्यात बाळंतिणीची वार, म्हणजे प्लॅसेंटा. गावाकडे म्हैस व्याली की अख्खी आळी विचारते, 'वार पडली का?' माणसाच्या वारेची मात्र कुणी चौकशी करत नाही. दिवस भरलेले असले की ती साधारण अर्धा किलो भरते. आईकडची बाजू खडबडीत, मांसल. बाळाकडची गुळगुळीत, निळसर, नाळेपासून रक्तवाहिन्या फुटत गेलेल्या.

वार आईची, असं बहुतेकांना वाटतं. ती बाळाची असते. पाचव्या दिवशी गर्भ म्हणजे पेशींचा एक पोकळ गोळा. बाहेरच्या पेशींची वार होते, आतल्या झुबक्याचं बाळ. जनुकं दोन्हीकडे तीच. पारायणाला बसलेल्या सगळ्यांपुढे पोथी एकच, पण कुणाचा पाचवा अध्याय उघडलेला, कुणाचा नववा, तसंच हे. कुठलं पान उघडायचं ते काही प्रथिनं ठरवतात. बाहेरच्या पेशींत गाटा-३ हे त्यातलंच एक.

पुढे जीसीएम-१ नावाचं प्रथिन एक अजब पान उघडतं, सिन्सिटिनचं. हे जनुक मुळात आपलं नाहीच. कोट्यवधी वर्षांपूर्वी आपल्या माकडकुळातल्या पूर्वजांना एका विषाणूची लागण झाली, त्यातून ते मागे राहिलं. विषाणू त्याच्या जोरावर पेशीत शिरायचा. वार त्याच्याच जोरावर शेजारच्या पेशी एकमेकींत मिसळते. जुन्या सोसायटीत दोन ब्लॉक जोडताना मधली भिंत पाडतात ना, तसं. इथे मात्र अख्ख्या इमारतीतल्या भिंती जातात आणि केंद्रकं तेवढी उरतात. दहाएक चौरस मीटरचा अखंड पातळ थर, मध्ये कुठे सांधा नाही. प्रेग्नन्सी टेस्टवर दुसरी रेघ उमटवणारं एचसीजी हाच थर सोडतो. सिन्सिटिनचं हे काम उजेडात आलं 2000 साली. तोवर असल्या जनुकांना शास्त्रज्ञ सर्रास अडगळ म्हणत.

पोथीच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. काही पानांवर मिथाइलच्या, म्हणजे एका छोट्या रासायनिक खुणेच्या, चिठ्ठ्या डकवलेल्या असतात, त्यावरून एकच प्रत वाचली जाते. वाढीचं आयजीएफ-२ हे जनुक वारेत बापाच्या प्रतीवरून चालतं, आईची प्रत मिटलेली. आईची आणि बापाची प्रत सारखी चालत नाही, हे 1984 मध्ये उंदरांवरच्या प्रयोगांत ठळक दिसलं. दोन्ही प्रती नराच्या असल्या की वारेचा भाग बऱ्यापैकी वाढे, पिल्लू खुंटे. दोन्ही मादीच्या असल्या की उलट. माझ्या टेबलावर द्राक्षगर्भ येतो तेव्हा मला हेच आठवतं. पूर्ण द्राक्षगर्भात केंद्रकातली जनुकं सगळी बापाकडची असतात. पाण्यानं टरारलेल्या द्राक्षांसारखे घोस, आणि बाळ नाहीच.

मध्यंतरी एक सून रिपोर्ट न्यायला आली, सोबत सासूबाई. आठव्या महिन्यात बीपी चढलं होतं, बाळ कमी वजनाचं. सासूबाईंचा निकाल तयार होता. "हिनं खाण्यापिण्याची हेळसांड केली, दुसरं काय!"

दाखवू का, असं मी सुनेला विचारलं आणि दोघींना मायक्रोस्कोपपाशी बसवलं. वारेच्या काही पेशी गर्भाशयात खोल शिरतात आणि आईच्या नागमोडी धमन्यांच्या भिंती मोडून त्या रुंद, सैल करतात. या शिरणाऱ्या पेशींचा अध्याय पुन्हा वेगळा. तो नीट उघडला नाही, तर धमन्या अरुंद राहतात, रक्त कमी पोचतं. अशा बीपीची कारणं अनेक असतात, सगळी अजून सुटलेली नाहीत. पण या काचेवरची धमनी अरुंदच राहिली होती, आणि ती रुंद करायला निघालेल्या पेशी बाळाच्या होत्या, म्हणजे निम्म्या बापाच्या.

सासूबाई बराच वेळ डोळा लावून बसल्या. मग बाहेर बाकावर मोबाइल चाळत बसलेल्या मुलाला त्यांनी हाक मारली. "अरे, आत ये. तूही बघ हे."