सर्व्हर घरचा, पण राखण कोणाची?

तर मंडळी, पहिला प्रश्न कायम हाच येतो, की व्हीपीएस, म्हणजे भाड्याचा छोटा सर्व्हर, महिन्याला चार-पाचशेत मिळतो, मेल पाठवणारं पोस्टफिक्स फुकट, आलेला मेल साठवून दाखवणारं डव्हकॉट फुकट, मग ऑफिसातल्या वीस जणांच्या मेलसाठी तयार मेल सेवेला दर महिन्याला माणशी पैसे का मोजायचे? कागदावर बरोबर आहे हो.

मेल सर्व्हर उभा करणं एका शनिवार-रविवारचं काम आहे, व्हिडिओ बघून कोणीही करेल. पण पाठवलेला मेल समोरच्याच्या इनबॉक्सात पडायला हवा ना, आणि ते ठरवणार गूगल नि मायक्रोसॉफ्ट. तुम्हाला मिळालेल्या आयपीवरून, म्हणजे सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या पत्त्यावरून, आधी कोणी स्पॅम सोडला असेल तर त्याची बदनामी आता तुमच्या गळ्यात. बऱ्याच क्लाउडवाल्यांकडे पोर्ट २५, म्हणजे मेल बाहेर जायचं दार, मुळातच बंद, उघडून द्या म्हणून विनवण्या करायच्या, मग मेल खरंच तुमचाच आहे हे समोरच्याला पटवायच्या गोष्टी: रिव्हर्स डीएनएस (आयपीवरून सर्व्हरचं नाव), एसपीएफ (तुमच्या नावाने मेल पाठवायची परवानगी कुठल्या सर्व्हरला), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासणीत नापास झालेल्या मेलचं काय करायचं). फेब्रुवारी २०२४ पासून जीमेलने नियम आवळलेत. दिवसाला ५००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना हे सगळंच सक्तीचं, पण आपल्यासारख्या लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम, काहीतरी एक हवंच.

आणि यातला सगळ्यात महाग भाग कुठल्याच बिलात दिसत नाही. तुमचं कोटेशन स्पॅममध्ये जातं, गिऱ्हाइकाला वाटतं यांनी पाठवलंच नाही, तुम्हाला वाटतं त्याला नको असेल, आणि दोघंही गप्प बसतात. एरर नाही, काही नाही. ऑर्डर गेली.

मग अपडेट. २ मार्च २०२१ ला मायक्रोसॉफ्टने आपल्या एक्सचेंज या मेल सर्व्हरसाठी तातडीचे पॅच, म्हणजे दुरुस्त्या, काढले, पण हल्लेखोर त्याआधीच आत शिरले होते. झळ बसली ती स्वतःच्या जागेत सर्व्हर चालवणाऱ्यांना, मायक्रोसॉफ्टच्याच क्लाउडवरचं एक्सचेंज ऑनलाइन वापरणारे सुटले. बरं, पॅच टाकला म्हणजे संपलं असंही नाही, आत आधीच कोणी वेब शेल, म्हणजे चोरदरवाजा, ठेवून गेलाय का हे वेगळं तपासायचं. आपल्याकडे ते कोण तपासणार? तोच एक जण, जो दिवसभर टॅली आणि प्रिंटर सांभाळतो. तो लग्नाला गावी गेला की मेलची गाडी रामभरोसे.

बॅकअप आहे असं सगळे सांगतात. प्रोग्रामरांचा कोड ठेवणाऱ्या गिटलॅब कंपनीकडेही होते. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री त्यांच्या इंजिनिअरने दुसरा सर्व्हर समजून मुख्य डेटाबेसचाच फोल्डर उडवला, जवळजवळ ३०० जीबी, आणि मग कळलं की बॅकअप आणि रेप्लिकेशनचे (दुसऱ्या सर्व्हरवरची चालू नक्कल) मिळून पाच मार्ग होते त्यातला एकही धड चालत नाहीये. वाचले ते सहा तासांपूर्वी कोणीतरी हाताने घेतलेल्या स्नॅपशॉटमुळे, म्हणजे डेटाच्या त्या क्षणीच्या प्रतीमुळे. आणि ही कंपनी म्हणजे पूर्ण इंजिनिअरांची! तुम्ही बॅकअप शेवटचा रिस्टोअर करून कधी बघितला होता? नाही, हात वर करू नका, राहू दे.

आता होस्टेडवाले, म्हणजे पैसे घेऊन मेल चालवून देणाऱ्या कंपन्या, काय साधू आहेत का, तर नाही. जी सूटचं, म्हणजे गूगलच्या ऑफिसातल्या मेल सेवेचं, जुनं फुकट खातं वर्षानुवर्षं वापरणाऱ्यांना गूगलने जानेवारी २०२२ मध्ये सांगितलं की आता पैसे भरा, आरडाओरडा झाल्यावर घरगुती वापराला सूट दिली, धंदेवाल्यांना नाही. तिकडे बेसकॅम्प हे सॉफ्टवेअर बनवणाऱ्या ३७सिग्नल्स कंपनीने २०२२ मध्ये क्लाउडवर ३२ लाख डॉलर खर्च केले आणि वैतागून स्वतःचे सर्व्हर घेतले, त्यांचं उदाहरण मला दर वेळी कोणीतरी ऐकवतं. अहो, त्यांच्याकडे सर्व्हर सांभाळणारी ऑप्सची टीम आधीपासून पगारावर होती, म्हणून त्यांचं गणित जमलं.

माझं मत विचाराल तर फायली ठेवायचं नेक्स्टक्लाउड, माहिती लिहून ठेवायची विकी, अशा अंतर्गत गोष्टी खुशाल स्वतः चालवा, एक दिवस बंद पडल्या तर आभाळ कोसळत नाही. मेल मात्र बाहेर द्या, पण डोमेन, म्हणजे मेलच्या पत्त्यातला @ नंतरचा भाग, स्वतःच्या नावावर ठेवून. डोमेन आपलं असलं की उद्या कंपनी बदलली तरी पत्ता तोच राहतो, एमएक्स रेकॉर्ड, म्हणजे मेल कुठल्या सर्व्हरवर यायचा ती नोंद, बदलायचा, जुने मेल आयमॅपने (मेल वाचायची-उतरवायची पद्धत) उतरवून घ्यायचे. बहुतेक ठिकाणी ते डोमेन वेबसाइट करून देणाऱ्या मुलाच्या खात्यात पडलेलं असतं आणि तो मुलगा आता कॅनडात. रजिस्ट्रारच्या, म्हणजे डोमेन विकणाऱ्या कंपनीच्या, साइटवर लॉगिन कोणाचं आहे आणि रिन्युअलचा मेल कोणाला जातो, एवढं आज घरी जाऊन बघा. चला, प्रश्न घेऊ.