सकाळची पाळी

हा मुंबई-गोवा हायवे, कणकवली सोडून कुडाळकडे येताना. आधी हा 17 नंबर होता, 2010 मधे नंबर बदलून 66 झाला, गावात मात्र नुसतं हायवेच म्हणतात. सिंधुदुर्गातलं चौपदरीकरण रत्नागिरीच्या आधी उरकलं, रस्ता खरंच झकास झालाय, पण वाडी राहिली अलीकडे आणि शाळा गेली पलीकडे, मधे चार लेन.

डिव्हायडरजवळ रेडियमच्या जॅकेटात उभे आहेत ना, ते आबा, सकाळी गाड्या थांबवून शाळेच्या पोरांना रस्ता पार करून देतात. एसटीत ड्रायव्हर होते, आता रिटायर. या कामाचे पैसे मिळत नाहीत, त्यांनी मागितलेही नाहीत.

गाड्या थांबवायची त्यांच्या हातातली पाटी जरा जवळून बघा. जुन्या कॅरम बोर्डाची प्लाय गोल कापलीय, वर लाल ऑइलपेंट, कडेला रेडियमची पट्टी, कारण पावसात सकाळीसुद्धा इतका अंधार असतो की नुसता लाल रंग दिसतच नाही. दांडा बांबूचा, त्यावर सायकलची ट्यूब गुंडाळलीय म्हणजे ओल्या हातातून सटकत नाही. पहिली पाटी पत्र्याची होती, वाऱ्याला हातात धरवेना म्हणून ही केली.

आता हे नीट बघा, लांबून वाटतं पाटी वर केली की झालं, पण तसं नाहीये. आबा आधी पोरं जमू देतात, एकेकट्याला सोडत नाहीत.

"आबानू, जावया?"

"थांब रे, मागसून डंपर येता."

चिऱ्याचा भरलेला डंपर आहे, तो अडवायचा नाही, जाऊ द्यायचा. 60 च्या स्पीडला गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर जाते, ड्रायव्हरचा पाय ब्रेकवर पोचेपर्यंतच तेवढं अंतर संपतं, ओल्या रस्त्यावर पुढचं घसरणं वेगळं, आणि हे आबांना सांगायला लागत नाही कारण आख्खं आयुष्य त्यांनी स्टेअरिंगच्या मागे काढलंय. मागे मोकळं दिसलं की ते एकटेच पुढे होतात, पाटी उंच, नजर ड्रायव्हरच्या तोंडावर. एसटी थांबली. तरी पोरांना अजून हाक नाही, कारण थांबलेल्या एसटीच्या आडून बाईक सुसाट येते, सगळ्यात वाईट तीच, म्हणून दुसऱ्या लेनमधे जाऊन तिथली गाडीसुद्धा थांबवायची आणि मगच हात करायचा. डिव्हायडरच्या तुटक्या जागेत सगळ्यांना परत उभं करायचं आणि पलीकडच्या दोन लेनसाठी हेच पहिल्यापासून. शेवटचं पोर पलीकडे टेकेपर्यंत आबा रस्त्यातच.

छत्र्या बघा, सगळ्या मागे कललेल्या. लहान पोरं पावसात छत्री तोंडावर ओढून घेतात, मग गाडी दिसणार कुठून, म्हणून आबांचा नियम आहे, रस्त्यात छत्री मागे, भिजलात तरी चालेल.

मागच्या पावसाळ्यात इथेच एका पोराला बाईकने उडवलं, पाय मोडला, आता बरा आहे. तेव्हापासून हे सुरू झालं.

इंग्लंडमधे या कामासाठी 1953 सालीच कायदा झालाय, पाटी दाखवली की गाडीवाल्याला थांबावंच लागतं. आपल्याकडे 2017 च्या ड्रायव्हिंगच्या नियमांत झेब्रा क्रॉसिंगवर चालणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं असं लिहिलंय, पण झेब्राचे पट्टेच पुसले गेलेत आणि आबांना कुणाची पावती फाडता येत नाही, त्यांच्या हातात फक्त ही प्लाय. ग्रामपंचायतीने पट्टे परत मारून घ्यावेत आणि पोलीस स्टेशनकडून अशा माणसांना ओळखपत्र आणि दोन दिवसांचं ट्रेनिंग द्यायला लावावं, यात खर्च असा कितीसा आहे?

शाळा सुटतानाची पाळी सध्या अंगणवाडीच्या ताई करतात, पण त्यांची मीटिंग असली की कुणीच नसतं. त्या वेळेला अजून दोन माणसं हवी आहेत. बाई असो बापया, कान-डोळे शाबूत पाहिजेत आणि आठवड्यातला एक दिवस द्यायची तयारी, बास. शाळेत येऊन मास्तरांकडे नाव द्या, जॅकेट आणि शिट्टी तिथेच मिळेल, आणि पहिले काही दिवस आबा स्वतः सोबत उभे राहतील.