गळ्याला गाठ, आणि सुरतचं पाणी

नमस्कार मंडळी. जळगाव, धुळे, नंदुरबार, तिन्हीकडची माणसं दिसताय, बरं वाटलं.

मागच्या हिवाळ्यात एक तरुण आला होता तपासायला, मूळ नंदुरबारकडचा, दहा-बारा वर्षं सुरतला लूमवर. मानेला डाव्या बाजूला गाठ, आधी सुपारीएवढी, मग लिंबाएवढी, दाबली की रबरासारखी लागायची. ‘दुखत नही ना भो’ म्हणून त्यानं जवळजवळ वर्ष काढलं, मधे कुणीतरी टीबी समजून गोळ्या दिल्या, गाठ काही उतरली नाही, शेवटी बायोप्सी केली तर हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींच्या कॅन्सरचा एक प्रकार. त्याची आई बाकावर बसलेली, तिनं मला विचारलं, हे आमच्या रक्तातच आहे का डॉक्टर, का सुरतचं पाणी लागलं?

हाच प्रश्न आहे बघा, जगभर लोक यावरच काम करतात. रक्त का पाणी. आणि याचं उत्तर मिळतं ते गाव सोडून गेलेल्या माणसांकडून.

अमेरिकेत गेलेले चिनी, जपानी, फिलिपिनो घ्या. आशियात जन्मून तिकडे गेलेल्यांमधे हॉजकिन आणि फॉलिक्युलर हे लिम्फोमाचे प्रकार कमी, पण त्यांच्याच समाजातली जी पोरं अमेरिकेत जन्मली त्यांच्यात हे जास्त, गोऱ्यांच्या दिशेनं सरकलेले. रक्त तेच, आईबाप तेच, मग बदललं काय? हॉजकिनमधे संशय जातो तो एपस्टाईन-बार विषाणूवर. आपल्याकडे दाटीच्या घरात एका ताटात जेवणाऱ्या पोरांना तो लहानपणीच होऊन जातो, तिकडे छोट्या घरात तो उशिरा, तरुणपणी गाठतो, आणि उशिरा गाठला की तरुणपणीच्या हॉजकिनचा धोका वाढतो. आपल्याकडे लहान मुलांमधला हॉजकिन तिकडच्यापेक्षा जास्त दिसतो, त्याचं कारणही बहुतेक इथंच आहे.

आता आफ्रिका. डेनिस बर्किट नावाचा आयरिश सर्जन युगांडात काम करायचा, लहान पोरांच्या जबड्यात वाढणारी गाठ त्यानं १९५८ साली लिहून काढली, हाही लिम्फोमाच, आज त्याच्याच नावानं ओळखतात. मग १९६१ ला दोन सहकाऱ्यांना घेऊन जुन्या गाडीतून दहा हजार मैल फिरला, दवाखान्या-दवाखान्यात विचारत, हा आजार बघितलाय का? नकाशा तयार झाला तर गाठ तिथंच जिथं ऊन, पाऊस आणि मलेरिया. थंड डोंगरावर नाही. आणि मला सगळ्यात भारी वाटतं ते हे, की डोंगरावरून खाली मलेरियाच्या मुलखात आलेल्या लोकांना तो आजार व्हायचा पण मोठ्या वयात, कारण त्यांचा मलेरियाशी सामना उशिरा सुरू झालेला. वंश नव्हे हो, मुक्काम!

पण सगळंच मुक्कामावर नाही. जपानच्या क्युशू भागात आणि कॅरिबियन बेटांवर एचटीएलव्ही-१ नावाचा विषाणू आहे, आईच्या दुधातून बाळाकडे जातो, आणि त्यातल्या थोड्या जणांना कितीतरी वर्षांनी टी-पेशींचा, म्हणजे एका जातीच्या पांढऱ्या पेशींचा, लिम्फोमा होतो. कॅरिबियनमधून लंडनला आलेल्यांना तो लंडनमधे झाला. लंडनच्या हवेचा त्यात काही दोष नाही, विषाणू बालपणीच अंगात आलेला. म्हणजे काही गोष्टी माणूस पोटलीत बांधून नेतो.

आता आपल्या घरचं बोलू. कापसावर, केळीवर फवारणी करताना पाठीवरचा पंप गळतो, सदरा मागून चिंब, त्याच हातानं तंबाखू मळायची. कीटकनाशकांपैकी लिंडेन नॉन-हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे हॉजकिन सोडून बाकीचे लिम्फोमा, करतं हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेनं २०१५ साली ठामपणे सांगितलंय, डीडीटी, मॅलॅथिऑन ‘बहुधा’च्या यादीत आहेत. म्हणून माझा आग्रह आहे की केसपेपरवर आजचा पत्ता लिहून थांबू नका. ऊसतोडीला गुजरातला जाणारा माणूस सहा महिने तिकडं, सहा महिने तळोद्याला, त्याला कुठल्या गावात मोजायचं? जन्म कुठला, लहानपणी घरात किती पोरं, काय फवारलं, किती वर्षं, हे विचारा, लिहा. नाहीतर खान्देशचा आकडा कधीच खरा येणार नाही.

त्या आईला मी सांगितलं, एकट्या तुमच्या पोराचं नेमकं कारण कुणालाच काढता येत नाही, पण हॉजकिन बहुतेक वेळा पूर्ण बरा होतो, केमो अर्धवट सोडू नका. ती म्हणाली, धाकटा पण सुरतला जायचं म्हणतोय, जाऊ देऊ का? म्हटलं, जाऊ द्या बाई, फक्त मानेला, काखेत, जांघेत गाठ आली आणि महिनाभरात उतरली नाही तर दुखत नसली तरी दाखवायला सांगा. तिनं लगेच त्याला फोन लावला आणि माझ्यासमोरच मान चाचपायला लावली.